दगड, वीट आणि मी

दगडापेक्षा वीट मऊ म्हणून मत द्यायचं, हा प्रकार मी या निवडणुकीत आमच्या गावातून कायमचा बंद करणार होतो. तसं मी जाहीरही केलं होतं, एकदा चर्चच्या पॅनकेक न्याहारीत आणि दोनदा न्हाव्याकडे.

आमचं गाव मिशिगनमधलं, सहाशे मतदारांचं. सुपरवायझरची, म्हणजे आमच्या सरपंचाची, निवडणूक आली की अंगणात दोनच रंगांच्या पाट्या लागतात, लाल नाहीतर निळी. लाल पाटीचा ब्रूस बारा वर्षं खुर्चीत आहे. त्या बारा वर्षांत त्याने आमच्या रस्त्याकडेचा नाला एकदाही उपसला नाही, त्यामुळे दर मार्चला बर्फ वितळलं की माझ्या तळघरात गुडघाभर पाणी! निळ्या पाटीची गेल म्हणे नव्या दुकानांच्या पार्किंगचं पाणीही त्याच नाल्यात सोडणार. म्हणजे गुडघ्याचं कमरेला. मला ब्रूस वीट वाटायचा, माझ्या बायकोला, आर्लीनला, गेल. तीस वर्षं आम्ही दोघं एकाच गाडीतून जातो, नाक दाबून मत देतो आणि एकमेकांचं मत पुसून घरी येतो.

निवडणुकीच्या वर्षी मार्चमध्ये आर्लीनचं कपडे धुण्याचं यंत्र तरंगायला लागलं. त्या दिवशी मी ठरवलं, आता आपणच उभं राहायचं. अपक्ष!

"राहा की," आर्लीन म्हणाली. "रिटायर झाल्यापासून बसूनच तर आहेस."

अर्जाला तीस सह्या लागत होत्या. मला त्रेपन्न मिळाल्या! लोक हातातून पेन ओढून घेत होते. मर्ल न्हावी तर अर्धी दाढी सोडून आला. "वर्नन, त्या दोघांना जाम कंटाळलोय रे. माझं मत तुला म्हणजे तुला."

नकार फक्त एकाने दिला, शेजारच्या एल्डनने. सहा वर्षांपूर्वी माझ्या बर्फ उडवायच्या यंत्राने त्याच्या पत्रपेटीचा बळी घेतला होता. तेव्हापासून बोलणं बंद. त्याने दार बोटभर उघडलं.

"सही मिळणार नाही."

"नको देऊस. त्रेपन्न आहेत माझ्याकडे."

"मग माझं दार कशाला वाजवतोस?" म्हणाला आणि दार लावून घेतलं.

मतदानाच्या दिवशी नवा कोट घालून मी रांगेत उभा राहिलो. पुढे मर्ल होता. तो माझ्याशी बोलायचं सोडून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता.

"मनाने मी तुझ्याच बरोबर आहे हं," शेवटी तो पुटपुटला. "पण तुला दिलं आणि तिकडे गेल आली तर?"

"आणि याला दिलं आणि ब्रूस परत बसला तर?" मागून पोस्टातली डोना म्हणाली. "रागावू नकोस वर्नन. पुढच्या वेळी नक्की."

"अगं, पण तुम्ही सगळ्यांनी मला दिलं तर ते दोघंही पडतील की!"

"आम्ही देऊ रे," मर्ल म्हणाला. "पण बाकीचे देतील का?"

बाकीचे सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते.

मतपत्रिका घेऊन आडोशाला गेलो. माझ्या नावापुढचा गोल काळा करायचा, एवढंच काम. पण डोळ्यांसमोर दिसायला लागलं ते कमरेएवढं पाणी आणि त्यात तरंगणारं आर्लीनचं नवं यंत्र. गेल एकाच मताने आली तर? आणि या हाताने, माझ्या स्वतःच्या हाताने, ब्रूसपुढचा गोल काळा केला! मी हाताकडे बघतच राहिलो. मग मतपत्रिका मतमोजणीच्या यंत्रात सरकवली.

बाहेर आर्लीन कोटावर 'मी मत दिलं'चा स्टिकर लावून उभी होती.

"दिलंस?" तिने विचारलं.

"दिलं. तू?"

"हे काय विचारणं झालं?"

घरी येईपर्यंत दोघांनी फक्त हवेबद्दल बोलून घेतलं.

संध्याकाळी गावच्या हॉलच्या दारावर निकाल चिकटवला. ब्रूस दोनशे एकाहत्तर. गेल दोनशे सत्तर. वर्नन डायक्स्ट्रा, एक.

मी तीनदा वाचलं. त्रेपन्न सह्या आणि एक मत! शिवाय ब्रूसला निवडून आणणारं ते जास्तीचं मत माझं! मग हे एक कोणाचं? अर्थात आर्लीनचं. मला एकदम भरून आलं. वळून बघतो तर तिच्या डोळ्यांत पाणी.

"मला माफ कर वर्न. निदान तू तरी स्वतःला दिलंस. मी गेललाच दिलं रे. हात आपोआप तिकडे गेला."

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "असू दे. आपण तत्त्वाला धरून राहावं."

पुढचे चार महिने आमच्याकडे दर रविवारी सफरचंद भरून भाजलेला गोड पाय होता, आणि मोठा तुकडा माझा. ते एक मत कोणाचं, हा विचार मी सोडून दिला.

मार्चमध्ये बर्फ वितळलं. तळघरात गुडघाभर पाणी! त्या रविवारी स्वयंपाकघराच्या दारावर थाप पडली. बाहेर एल्डन, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून. आर्लीनने त्याला टेबलाशी बसवलं आणि ती पुन्हा सफरचंदाचा पाय कापायला लागली.

"माझंही तळघर भरलंय," तो म्हणाला. "तू निवडून यायला हवा होतास. मी तुला मत दिलं होतं."

"तू? पण सही तर दिली नाहीस!"

"तू मला आवडत नाहीस. पण त्या दोघांपेक्षा जरा बरा."

आर्लीनची सुरी थांबली.

"वर्नन, मत एकच होतं," ती सावकाश म्हणाली. "ते एल्डनचं. मग तुझं कुठे गेलं?"

मी माझ्या मोठ्या तुकड्याची बशी जवळ ओढली. तिने माझ्यापुढची बशी उचलली आणि एल्डनपुढे ठेवली. एल्डनने ती साफ केली.

"माझ्याकडे पाणी उपसायचे दोन पंप आहेत," तो मग मला म्हणाला. "एक गळतो, दुसरा मधेच बंद पडतो. कुठला नेतोस?"

"त्याला विचारू नकोस," आर्लीन म्हणाली. "तो सांगेल एक आणि आणेल दुसरा."

मी गळणारा आणला.