सुधारणेस वाव नसलेली होडी

कर्ता मुलगा जेवताना आईच्या तोंडाकडे न बघता भिंतीकडे बघू लागला, की समजावं, एकतर त्याने बाहेर काही लफडं केलं आहे, नाहीतर तो एखाद्या समितीला भेटून आला आहे. यातला पहिला प्रकार परवडला, असं मोठीबाईचं मत होतं. लफड्यातून माणूस दमून का होईना, घरी परत येतो. समितीतून आलेला परत येत नाही. तो नुसता जेवायला येतो.

थोरला आठवडाभर असाच जेवत होता. वाढलेलं खायचा, मागायचा नाही, नावंही ठेवायचा नाही. ज्याने जन्मभर प्रत्येक घासाला खोड काढली, तो मुकाट्याने गिळतो म्हणजे घरावर काहीतरी येऊ घातलंय, हे ओळखायला शाळा लागत नाही. (मोठीबाई दुसरीपर्यंत शिकली होती. तिसरीत काय शिकवतात याचं तिला आजवर कुतूहल वाटलेलं नव्हतं.)

"भिंत आवडली वाटतं?" तिने विचारलं.

"का गं?"

"नाही, तोंडी लावतोयस म्हणून म्हटलं."

सूनबाईने हसू पदरात दाबलं. थोरल्याने घास खाली ठेवला.

"आई, आपल्या होडीला निळा पट्टा नाही मिळाला."

निळ्या पट्ट्याविषयी दोन शब्द आदराने सांगितले पाहिजेत. किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलाला अलीकडे समुद्राची काळजी वाटू लागली होती. आधी वाटत नव्हती असं नव्हे. पण आधी समुद्र खिडकीतून दिसायचा आणि तेवढ्यावर भागायचं. पुढे पाहुणे विचारू लागले, की तुमच्या जाहिरातीतलं रंगीत प्रवाळ नेमकं कुठे आहे? हॉटेलाने शोध घेतला तेव्हा आढळलं, की ते बरंचसं वारलं आहे. प्रवाळ दिसायला दगड, पण आत जीव असतो. तो गेला की खडक पांढराफटक पडतो आणि त्याच्या आडोशाने संसार करणारे मासे बिऱ्हाड हलवतात. परिस्थितीचं गांभीर्य ओळखून हॉटेलाने तातडीने समिती नेमली.

समितीची रचना अत्यंत समतोल होती. अध्यक्ष, हॉटेलचे व्यवस्थापक. उपाध्यक्ष, त्यांच्या पत्नी (यांनी एकदा पाण्याखाली डोळे उघडले होते). तज्ज्ञ म्हणून लग्नाचे फोटो काढणारा, आणि स्थानिक जनतेच्या वतीने रंगाचा दुकानदार. शिवाय सागरी जीवांच्या प्रतिनिधीसाठी एक खुर्ची राखीव होती. ती रिकामी असे; पण प्रतिनिधीने कधीच हरकत न घेतल्यामुळे सर्व ठराव एकमताने मंजूर होत.

समितीने झपाट्याने काम केलं. हॉटेलचं सांडपाणी जिथे समुद्रात पडतं, तिथला 'प्रवाळाला जपा' हा फलक पाण्याने खराब होतो असं दिसून आल्यावर तो दुसरीकडे हलवण्यात आला. (पाइप हलवण्याचा प्रश्न समितीच्या कक्षेत येत नव्हता, कारण पाइप समितीहून वयाने मोठा होता.) अंगाला तेल-मलम फासून समुद्रात उतरायला बंदी झाली आणि प्रवाळाला प्रेमळ असं खास मलम हॉटेलात विक्रीला आलं. सावध पाहुणे दोन्ही लावत.

पण समितीचं थोर कार्य म्हणजे निळा पट्टा. पाहुण्यांना खडक दाखवायला नेणारे होडीवाले खडकावर बेधडक नांगर टाकतात. नांगराचे दात बसले, की वर्षानुवर्षं वाढलेली फांदी पापडासारखी मोडते. तेव्हा समितीने ठरवलं, की जो होडीवाला नांगर टाकणं निम्म्याने कमी करील, त्याच्या होडीला निळा पट्टा रंगवायचा आणि हॉटेलचे पाहुणे फक्त पट्ट्याच्याच होडीत बसवायचे. शिक्षेपेक्षा शाबासकी बरी, हे तत्त्व कोणीही मान्य करील.

मोठीबाईच्या घरची होडी काचेच्या तळाची होती. ही होडी खडकावर कधीच नांगर टाकत नसे. यात पुण्य वगैरे काही नव्हतं. मोठीबाईची सासू कमालीची चिक्कू होती. नांगर खडकात अडकला की दोरासकट सोडून द्यावा लागतो, हे तिला सोसवेना. म्हणून तिने खडकाच्या अलीकडे वाळूत एक भला मोठा धोंडा बुडवून घेतला, त्याला दोर बांधला, दोराला तरंगता पिंप. होडी यायची, पिंपाला बांधली जायची. सासू गेली, चिक्कूपणा सुनेकडे आला, धोंडा तिथेच राहिला. त्या धोंड्यापलीकडचा अंगणाएवढा तुकडा मात्र अजून जिवंत होता. जांभळा, पिवळा, माशांनी गजबजलेला. मोठीबाई त्याला घरामागच्या बागेसारखं 'आपलं परसू' म्हणायची.

आता गणित बघा. आधी नांगर शून्य. नंतर नांगर शून्य. घट शून्य. समितीने निष्पक्षपणे शेरा दिला: 'सदर होडीत कोणतीही सुधारणा आढळून आली नाही.'

याउलट धक्क्यावर 'तडाखा' नावाने प्रसिद्ध असलेला होडीवाला उठताबसता नांगर फेकायचा. पाहुण्यांना आवाज आवडतो म्हणायचा. तो निम्म्यावर आला. त्याला पट्टा तर मिळालाच, वर 'प्रवाळमित्र' म्हणून शालही मिळाली.

मोठीबाई दुसऱ्या दिवशी थोरल्याला घेऊन समितीपुढे उभी राहिली. अंगाने ती लहानखुरी. नावातला मोठेपणा आवाजाचा होता. धक्क्यावरून तिने हाक मारली, की भर समुद्रात तिची नसलेली मुलंसुद्धा मागे वळून बघत.

"साहेब, म्हणजे ज्याने बायकोवर कधी हात उचलला नाही तो कुणी नाही, आणि ज्याने मार निम्मा केला त्याच्या गळ्यात हार?"

व्यवस्थापकांनी विचार केला. "आजी, उदाहरण चांगलं आहे. सुधारणा झाली की नाही ती?"

"बायकोला विचारा."

"तुमच्या भावना पोचल्या," व्यवस्थापक म्हणाले. हे वाक्य ते दारापर्यंत सोडायला येताना म्हणत. पण ते मनाचे मोठे होते. मागे राहिलेल्यांवर अन्याय नको म्हणून त्यांनी खास नोंदणीचा महिना जाहीर केला. या महिन्यात ज्याला पाहिजे त्याने आपलं नुकसान नोंदवून घ्यावं आणि पुढच्या मोसमात त्यात घट करून दाखवावी. एक निरीक्षक हॉटेलच्या गच्चीवर दुर्बीण घेऊन बसेल.

योजनेला उदंड प्रतिसाद मिळाला. ज्यांची होडी अजून सुताराकडे होती, त्यांनीही नावं दिली. होडीवाले आधी गच्चीकडे हात हलवत, निरीक्षकाने चहाचा कप खाली ठेवून दुर्बीण लावली की नांगर फेकत. ढगांनी अंधारून त्याला दिसलं नाही तर पुन्हा फेकत. मात्र एक तांत्रिक अडचण निघाली. मेलेल्या खडकावर टाकलेला नांगर नुकसानीत धरता येईना. मेलेल्याला मारता येत नाही, असा समितीला कायद्याचा सल्ला मिळाला होता. नुकसान करायला काहीतरी जिवंत हवं. आणि तसं आसपास एकच ठिकाण उरलं होतं.

मोठीबाईने घरात सांगून टाकलं, "परसात कुणी पाय ठेवायचा नाही," आणि ती होडीत जाऊन बसली. रोज सकाळी डबा, छत्री आणि एक वल्हं घेऊन ती खडकावर हजर. कुणाची होडी जवळ आली, की आधी त्याच्या खानदानाचा उद्धार, मग वल्हं. तडाखा आणखी एक होडी नोंदवायला आला होता, त्याला ती म्हणाली, "ये ना, टाक नांगर. तुझ्या आज्याचा पाय माझ्या सासऱ्याने पाण्यातून ओढून काढला होता, तो कशात अडकला होता ते आधी सांगते सगळ्यांना." तो न टाकता गेला. (त्या पायामागे काय प्रकरण होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मोठीबाईलाही.)

थोरला काठावर उभा राहून हे बघायचा. होडी रिकामी, पाहुणे पट्ट्याच्या होड्यांत. त्याची मुलगी शहरात शिकत होती आणि घराच्या छपराला पाऊस सोसवत नव्हता. तो वाईट नव्हता, हे इथे मुद्दाम नोंदवलं पाहिजे. समितीची मंडळीही वाईट नव्हती. कुणीच वाईट नव्हतं, हीच या प्रकरणातली मुख्य अडचण होती.

महिना संपत आला आणि मोठीबाईची दाढ सुजली. थोरल्याने अशी काही काळजी घेतली, की बघणाऱ्याने ओवाळून टाकावं. गाडी बोलावली, सूनबाईला सोबत दिली, दंतवैद्याला निरोप धाडला. "सावकाश ये, आई. घाई करू नकोस."

मोठीबाई दाढ काढून, तोंडात कापसाचा बोळा घेऊन परतली, तर थोरला धक्क्यावर उभा. ओलाचिंब.

"आई, पिंपाला बांधलेला दोर तुटला. होडी वाहवत निघाली. नांगर टाकावाच लागला गं. आणि तो बघून बाकीचेही..."

मोठीबाईने होडीत बघितलं. पिंपाला बांधायचा दोर नीट गुंडाळून ठेवलेला होता. अखंड. गाठसुद्धा सोडवलेली, तोडलेली नव्हे. लहानपणी तिनेच त्याला शिकवली होती तशी, दोन बोटांनी. तोंडात बोळा होता म्हणून ती काही बोलली नाही. ती गप्प आहे हे पाहून धक्क्यावरचे लोक घाबरून घरी गेले.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं. पुढच्या मोसमात परसू पांढरं पडलं. मेलेल्या खडकावरचा नांगर धरायचा नाही असा नियमच असल्यामुळे सर्व होड्यांचं नुकसान एकदम शून्यावर आलं. निम्मं मागितलं होतं, पूर्ण मिळालं! उपाध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं (कोरड्या जमिनीवर). थोरल्याच्या होडीला पट्टा रंगवला. छपराचं काम निघालं. मुलीची फी भरली गेली. मोठीबाई त्या छपराखाली झोपायची, आणि तिला झोप लागायची, हेही खरं.

उरला एक किरकोळ प्रश्न: काचेतून दाखवायचं काय? तोही समितीने सोडवला. सारखं कुणी बघत राहिलं तर कुठल्याही जिवावर ताण येतो, आपल्यावरही येतो. तेव्हा प्रवाळाला नजरेचाही त्रास होऊ नये म्हणून होडीच्या काचेखाली प्रवाळाचं छापील चित्र बसवण्यात आलं. लग्नाच्या फोटोवाल्याने ते काढलं असल्याने मासे सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते. पाहुण्यांचे अभिप्राय पूर्वीपेक्षा उत्तम येऊ लागले. पूर्वी कधी पाणी गढूळ असे, कधी मासे कामावर नसत. (आपणही कधी गेलात तर पट्टा बघूनच होडीत बसाल. समंजस माणूस तेच करतो.)

एका सकाळी होडी भरली होती. मोठीबाई दोर सोडायला धक्क्यावर उभी होती. टोपी घातलेल्या एका पाहुणीने काचेवर वाकून बघितलं. मग पुन्हा बघितलं.

"अहो, हे खरं आहे ना?"

"एकदम खरं, ताई," थोरला म्हणाला. आणि त्याने आईकडे बघितलं.

होडीतले सगळेच तिच्याकडे बघू लागले. तिने एक शब्द बोलायचा अवकाश. पट्टा, फी, छप्पर, सगळं त्या एका शब्दावर टांगलं होतं. मोठीबाईने दोर हातात तसाच धरून ठेवला.

"हे बघ," ती थोरल्याला म्हणाली, सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात, "इतकी वर्षं तू माझ्यासमोर कधी खोटं बोलला नाहीस, म्हणून तुझं कौतुक करायचं राहूनच गेलं. आता दोनदा बोललास. पुढच्या वर्षी एकदाच बोल, मी स्वतः तुला हार घालीन. आणि ने यांना फिरवून. पैसे परत देऊ नकोस. खरं की खोटं हे त्यांनी होडीत बसल्यावर विचारलं. बसायच्या आधी त्यांना पट्टा बघायचा होता, तो त्यांना दिसला."