भाऊंची एकुलती एक काच

भाऊ तेंडोलकर एका लालभडक स्पोर्ट्स कारचे मालक होते आणि त्यांना सायकलसुद्धा चालवता येत नव्हती.

ही गोष्ट पंच्याऐंशीच्या आसपासची. मी अंधेरी पूर्वेला चाळीत नवीनच राहायला आलो होतो. पहिल्याच रविवारी सकाळी खिडकीतून खाली पाहिलं, तर जांभळाच्या झाडाखाली एक बसकी, दोन सीटची विलायती गाडी उभी. तिच्या डाव्या सीटवर पन्नाशीचे एक गृहस्थ इस्त्रीचा शर्ट घालून, समोरच्या डॅशबोर्डची कड दोन्ही हातांनी गच्च धरून बसलेले. गाडी बंद. ड्रायव्हरची सीट रिकामी. तासाभराने ते उतरले, रुमालाने घाम पुसला आणि एखादा घाट उतरून आल्यासारखे घरी गेले.

"कोण हो हे?" मी शेजारच्या परबकाकूंना विचारलं.

"भाऊ तो. भित्रो ससो," काकू म्हणाल्या आणि तांदूळ निवडायला लागल्या.

भाऊ एकटेच राहत. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आग विझवायची नळकांडी तपासणं हे त्यांचं काम. तिथे आग कधी लागली नाही, त्यामुळे सगळी भीती शिल्लक राहायची आणि संध्याकाळी ती घेऊन ते चाळीत यायचे. "आणि काही झालं तर?" हे त्यांचं पालुपद. काकूंनी गच्चीत पापड घातले, तर "वाऱ्याने उडून कुणाच्या डोळ्यात गेला तर?" मी स्कूटर घेतली आणि पेढे द्यायला गेलो, तर पेढा हातात तसाच धरून ते मला तीन प्रकारचे अपघात समजावून सांगत राहिले. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात एक चिठ्ठी ठेवली. तिच्यावर माझं नाव, पत्ता आणि रक्तगट. रक्तगट मी त्यांना कधी सांगितला, ते मला आजतागायत आठवलेलं नाही.

गाडी खरं तर त्यांच्या धाकट्या भावाची, विजूची. विजू सिनेमाच्या स्टुडिओत मारामारीच्या सीनमध्ये गाड्या उडवायच्या कामाला होता. ही गाडी त्याने वांद्र्याच्या एका म्हाताऱ्या पारशी गृहस्थांकडून आणलेली. मी चाळीत यायच्या चार वर्षं आधी तो गेला. कसा गेला, ते मी विचारलं नाही. गाड्या उडवणारा माणूस कसा जाणार, हे काय विचारायचं?

तर त्या गाडीच्या पुढच्या काचेभोवतीचं रबर सुकून उन्हातल्या आंबोशीसारखं झालं होतं. कोपऱ्यातल्या निकेलच्या पट्ट्या सुटल्या होत्या. तिथून दर पावसाळ्यात पाणी आत जायचं आणि खालचा पत्रा खायचं. डाव्या सीटसमोर, पाय ठेवायच्या जागी, आता जमीन दिसायला लागली होती. आणखी एक पावसाळा गेला असता तर गाडी भंगारात. पण रबर बदलायचं म्हणजे काच काढायची. काच काढताना फुटली तर?

"दुसरी मिळणार नाही," भाऊ म्हणाले. "मी कुर्ल्याला विचारलं, चोरबाजारात विचारलं. एकच आहे ती."

म्हणजे रबर बदललं नाही तर गाडी जाणार आणि बदलताना चुकलं तरी गाडी जाणार. या पेचात भाऊंनी तीन वर्षं काढली होती. कुर्ल्याच्या एका मेकॅनिकला त्यांनी बोलावलंही होतं. तो म्हणाला, "हो जायेगा, साब, टेन्शन नहीं लेने का." भाऊंनी त्याला चहा पाजून परत पाठवला. ज्याला टेन्शन येत नाही त्याच्या हातात काच द्यायची नाही, हा त्यांचा सिद्धान्त.

"शरद, हे काम तू करायचंस. माझ्याबरोबर," एक दिवस ते मला म्हणाले.

"मी? मी बँकेत आहे, भाऊ."

"तू घाबरट आहेस. जिना उतरताना कठडा धरतोस. मी बघितलंय."

मला राग आला. मी घाबरट नाही हे सिद्ध करायला म्हणून हो म्हटलं, आणि तिथेच माझी वाट लागली.

मे महिन्यातला रविवार ठरला. नमुना दाखवून कुर्ल्याहून नवीन रबर ओतून आणलं होतं. कोपऱ्याची वळणं बरोबर नव्हती म्हणून दोनदा परत करून तिसऱ्यांदा. सकाळी सातला भाऊंनी जुनं रबर भाजीच्या सुरीने कापायला घेतलं ते साडेदहाला संपलं. काच सुटली. ती आम्ही दोघांनी उचलून गादीवर ठेवली. ती दहा पावलं चालताना मी जे नवस बोललो, ते सगळे फेडायचे तर नोकरी सोडावी लागली असती.

काम सांगायला सोपं होतं. काचेच्या कडेला रबर चढवायचं. रबराच्या खाचेत सगळीकडून एक दोरी बसवायची. ही दोरी म्हणजे भाऊंच्या पायजम्याच्या तीन नाड्या, गाठी मारून जोडलेल्या. मग साबणाचं पाणी लावून काच चौकटीवर टेकवायची. एकाने आत बसून दोरी ओढत जायचं, म्हणजे रबराची कड चौकटीच्या आत उलटते. दुसऱ्याने बाहेरून, दोरी जिथे असेल तिथेच, तळव्याने दाबायचं. कमी दाबलं तर रबर बसत नाही. जास्त दाबलं तर काच बसत नाही, जाते.

भाऊ आत गेले. मी बाहेर. आमच्यामध्ये ती काच.

"दाब," आतून आवाज आला.

मी दाबलं. माझे हात घामाने भिजले होते, की साबणाने, कळत नव्हतं. काच तळव्याखाली किंचित वाकल्यासारखी वाटली. वरच्या गॅलऱ्यांतून अख्खी चाळ बघत होती.

"अरे भाऊ, लोका लग्नाक पण इतकी तयारी करनत नाय!" परबकाकू ओरडल्या. कुणी हसलं नाही. त्या स्वतःसुद्धा हसल्या नाहीत.

खालची बाजू बसली. दोन्ही उभ्या बाजू बसल्या. वरची बसत आली, आणि शेवटच्या कोपऱ्याला नाडीची गाठ अडकली. काच मधून फुटत नाही, कोपऱ्यातून फुटते, हे भाऊंनी मला सकाळपासून वीसदा सांगितलं होतं. त्यांनी गाठ ओढली. मी दाबलं.

टक्.

आम्ही दोघं होतो तसे थिजलो. माझी नजर वर, जांभळाच्या झाडावर. खाली बघायची हिंमतच होईना. काचेपलीकडे भाऊंनी डोळे मिटून घेतले होते. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी काकू खाली आल्या, काचेला नाक लावून चारी कोपरे बघितले आणि म्हणाल्या, "कायएक जावक नाय, काच आसा तशीच आसा. तुज्या घड्याळाचो पट्टो तुटलो रे, शरद!"

खरंच. माझं घड्याळ बॉनेटवर पडलं होतं. मी तिथेच जमिनीवर बसलो आणि मला हसू यायच्या ऐवजी रडू आलं. मी घाबरट आहे, हे त्या दिवशी मी मान्य केलं.

कोपऱ्याच्या पट्ट्या भाऊंनी एकट्याने बसवल्या, अंगठ्याने, हातोडी न लावता. मग पाण्याची परीक्षा. काकूंनी नळाचा पाइप हातात घेतला. भाऊ डाव्या सीटवर बसले आणि मला म्हणाले, "तू इकडे बस." मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. पाणी काचेवर धो धो पडायला लागलं. भाऊ कोपऱ्यावरून बोट फिरवून बघत राहिले. बोट कोरडं.

"बघा," मी म्हटलं, "काही झालं नाही."

त्यांनी ते कोरडं बोट तरीही रुमालाला पुसलं.

"विजू दर रविवारी मला इथे बसवून मालाडपर्यंत न्यायचा. असा हाणायचा गाडी! मी सगळा वेळ ओरडत असायचो. तो नुसता हसायचा."

मी भीत भीतच विचारलं, "स्टुडिओतच झालं का ते? गाडी उडवताना?"

"छे रे. काविळीने गेला. घरी, कॉटवर. अकरा दिवसांत." त्यांनी समोरची कड धरली. "त्याच्या ब्रेकची काळजी केली मी, टायरची केली, त्या उड्यांची तर रोज केली. डोळे पिवळे दिसले तेव्हा म्हटलं, जागरण झालं असेल. झोप म्हटलं त्याला. तेवढ्या एका गोष्टीची भीती वाटायची राहून गेली, शरद."

काचेवर पाणी पडतच होतं.

"म्हणून आता काही सोडत नाही," ते म्हणाले. "झोपताना चाळीतलं एकेक घर घेतो. काकूंचं ब्लडप्रेशर, त्यांच्या मुलाची रात्रपाळी, तुझी स्कूटर. लोक हसतात, हसू देत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू आठ दिवस खोकतोयस. मला भिंतीपलीकडून ऐकू येतं."

"बरा आहे आता, भाऊ."

"दाखवून घे तरी."

एरवी मी हसून विषय बदलला असता. दुसऱ्या दिवशी बँकेतून अर्धी रजा टाकली आणि डॉक्टरकडे गेलो. त्यांनी छाती तपासली, पाठ ठोकली, मला जरा वेड्यातच काढलं आणि परत पाठवलं. मी माझ्या खोलीत न जाता आधी भाऊंचं दार वाजवलं.

"डॉक्टर म्हणाले, काही नाही," मी दारातूनच सांगितलं.

भाऊंनी माझा हात धरला, तो बराच वेळ सोडलाच नाही.