कारकुनाची अर्धी मिशी

सलूनवाल्या मामांच्या मुलीने फोनमधल्या एआयला विचारून सांगितलं, की कृत्रिम बुद्धिमत्ता पुढेमागे बऱ्याच जणांची कामं खाणार, पण न्हाव्याच्या धंद्याला धक्का नाही. प्रत्येक डोकं वेगळं, आणि हलत्या गळ्यावर वस्तरा चालवायला माणसाचाच हात लागतो. त्या दिवसापासून मामांचे पाय जमिनीवर ठरेनात.

तसा मामांचा हात काही फार सफाईदार नव्हता. कल्ले वरखाली व्हायचे, कानामागे एखादी बट राहून जायची. हे त्यांना स्वतःलाही ठाऊक होतं. गिऱ्हाइकं टिकली होती ती गप्पांवर, आणि आता गप्पांना एकच विषय उरला. अनुवादकाचे केस कापता कापता त्यांनी सांगितलं, की तुमचं आता अवघड आहे. हिशेबनीसाला म्हणाले, दुसरं काहीतरी बघून ठेवा. बँकेतल्या कारकुनाला तर तोंडाला फेस लावून सांगितलं, म्हणजे त्या बिचाऱ्याला उलट बोलायचीही सोय राहिली नाही.

हळूहळू दुकानातलं बाकडं रिकामं पडू लागलं. मामा बायकोपाशी कुरकुरले, की आपण खरं तेच बोललो.

"खरं बोललात हो," ती म्हणाली, "पण गळ्यावर वस्तरा ठेवून?"

मामांनी तोंडाला कुलूप लावायचं ठरवलं. कारकून पुन्हा दाढीला आला तेव्हा ते हूं की चूं करेनात. ती शांतता कारकुनाला सोसेना. मामा गप्प आहेत म्हणजे बातमी फारच वाईट असणार, असं त्याने धरलं. शेवटी फेसातूनच त्याने विचारलं, "आमच्या बँकेचं काही कळलंय का तुम्हाला?"

मामांनी जोरजोरात मान हलवून नाही म्हटलं. मानेबरोबर हातही हलला आणि कारकुनाची अर्धी मिशी फेसासकट वस्तऱ्यावर आली.

उरलेली अर्धी ठेवून तरी काय करणार? तीही काढली. कारकून आरशात बघतच राहिला आणि टॉवेलने तोंड पुसून निघून गेला. मशीनच्या हातून मिशी कधीच गेली नसती, हे मामांना कळून चुकलं होतं, आणि ते कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बँकेतली चार माणसं घेऊन कारकून दारात उभा. मामा हात जोडणार, तोच कारकून हसला. बँकेत हजेरीसाठी चेहरा ओळखणारं नवं मशीन बसवलं होतं. जरा उशीर झाला की ते लगेच साहेबांना कळवायचं. आज सकाळी त्याने कारकुनाला ओळखच दाखवली नाही. साहेबांनी वैतागून सांगितलं होतं, की मिशी वाढेपर्यंत कागदावर सही करत जा. आता तो कधीही आला तरी मशीनला पत्ता लागणार नव्हता.

"यांची केलीत तशीच आमचीही करा," त्या चौघांतला रोखपाल खुर्चीत बसत म्हणाला. "पण चुकून उडाली असं दिसायला हवं. साहेब विचारतील."

मामांनी फेस लावला, वस्तरा उचलला. इतकी वर्षं जे आपसूक होत आलं होतं, ते आज मुद्दाम करायचं होतं, आणि हात काही केल्या चुकेना. जन्मात कधी साधली नव्हती इतकी सुबक मिशी त्यांनी कोरून दिली.

रोखपालाने आरशात पाहिलं आणि कपाळाला हात लावला.