झबल्याशी जुळेल असं

“बाळाच्या कपड्याशी सगळ्यांचे कपडे जुळायला हवेत,” एवढंच फोटोवाल्या अवंतीनं आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं. तेवढ्यावरून हिंदी मुलखातल्या राइट टाउन वस्तीतल्या त्या मराठी घरात सकाळपासून कोणाला धड चहा मिळाला नव्हता.

अडचण बाळापासूनच होती. बारसं उद्या. आणि बारशापर्यंत बाळाच्या अंगाला नवं कापड लावायचं नाही, जुनं मऊ सुतीच हवं, हा आजीचा, म्हणजे विभावरीबाईंचा नेम. बाळाच्या बापानं, आल्हादनं, हौसेनं मागवलेला परीच्या पंखांचा फ्रॉक त्यांनी पिशवीसकट कपाटावर टाकला. फोटो बारशानंतर काढावा, तर अवंती म्हणाली होती, “सर, फिर बेबी ऐसे सिकुड़ के सोती नहीं.”

सुखदाला, बाळाच्या आईला, फ्रॉकशी कर्तव्य नव्हतं. तिला एक फोटो हवा होता. आल्हादच्या मोबाइलमध्ये लेकीच्या फोटोंचा ढीग साठला होता, बहुतेक सुखदाच्याच मांडीवरचे, आणि एकातही सुखदा गळ्याच्या वर नव्हती. “उद्या ही विचारेल, मला धरलं कोणी होतं?” असं ती म्हणाली, तेव्हा तिचा आवाज असा काही लागला की आल्हादनं तिथल्या तिथं अवंतीला फोन लावला.

श्रावणातली हवा. दोरीवरची झबली काही केल्या वाळत नव्हती. कोरडी दोनच. एक विभावरीबाईंनी यजमानांच्या, श्रीरंगरावांच्या, जुन्या धोतराचं शिवलेलं, पांढरं. दुसरं लेकीच्या बाळंतपणासाठी नागपूरहून आलेल्या सुमनबाईंनी आपल्या विरलेल्या लुगड्याचं शिवलेलं, पोपटी.

“पांढरंच घालू,” विभावरीबाई म्हणाल्या. “ह्या धोतरानं जन्मभर कीर्तनं ऐकली आहेत.”

“बसून बसूनच विरलं मग. आणि आमचे हे नागपुरात चांगले ठणठणीत आहेत, विहीणबाई. मी पांढरी काहून नेसू?”

शेवटी सुमनबाई मोतिया रंगावर राजी झाल्या. श्रीरंगरावांनी झब्बा घातला, आल्हादनं ऑफिसचा शर्ट. सुखदाचा पांढरा कुर्ता खांद्यापाशी अडला तो अडलाच. सुमनबाईंनी पाठीमागून उसवून, पिना लावून तो कसाबसा बसवला. “फक्त वळू नकोस,” त्या म्हणाल्या. सगळे ओळीत उभे राहिले. अवंतीनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि त्याच क्षणी बाळानं आजोबांच्या धोतराचं जे करायचं ते केलं.

“कोई बात नहीं आंटीजी, दूसरा पहना दीजिए.”

दुसरं म्हणजे पोपटी. म्हणजे सगळे पोपटी!

आल्हादजवळ त्या रंगाचा रक्तदान शिबिराचा टी-शर्ट तेवढा होता. श्रीरंगरावांनी निवृत्तीच्या सत्काराची हिरवी शाल पांघरली आणि उकाड्यानं घामाघूम होऊन बसले. सुखदानं डोहाळजेवणाची साडी काढली. ब्लाउजचा शेवटचा हूक लागला. तिनं श्वास घेतला. हूक उडाला, तो सरळ अवंतीच्या दिव्यावर जाऊन वाजला. दुसरा हूक शोधेपर्यंत बाळ भुकेनं रडायला लागलं. पिना सोडा, पदर सोडा, बाळाला पाजा, पुन्हा पिना लावा. सगळं जमून आलं आणि पोट भरलेल्या बाळानं पोपटी झबलंही भिजवलं. या वेळी नुसतं ओलं नव्हतं, पिवळं होतं.

“हिला पिवळंच पाहिजे, वाटते,” सुमनबाई म्हणाल्या.

“बुवा सांगतात, आत्मा जुनी वस्त्रं टाकून नवी घेतो,” शालीतून श्रीरंगराव म्हणाले. “पण एका सकाळी तीनदा?”

“अहो, तुम्ही गप्प बसा. उशीचा तो पिवळा अभ्रा पाहा बरं, धुऊन धुऊन लोणी झालाय. विहीणबाई, कात्री घ्या.”

तेवढ्यात आतून सुखदा आली. साडी कुठंच नव्हती. अंगावर रोजचा विटका गाऊन, त्यावर एका बाजूला दुधाचा डाग, केस विस्कटलेले.

“मी नाही येत फोटोत,” ती म्हणाली. “मला काही होतच नाही, आई. काहीच होत नाही. तुम्ही काढून घ्या. मी गळ्याखालीच बरी.”

आणि ती खिडकीपाशी बसून हुंदके देऊन रडू लागली.

विभावरीबाईंचेही डोळे भरले. “थांब बेटा, माझी पिवळी साडी आहे. तिला ब्लाउज नको, वरून शेला घेऊ. तुझ्यावाचून आमचा फोटो नाही. चलो, सगळे पिवळं घाला!” आणि सगळं घर आतल्या खोलीत पळालं. कपाटं उघडली, ट्रंका ओढल्या गेल्या. आल्हाद लग्नातल्या हळदीच्या कुर्त्यात डोकं घालून अडकला. श्रीरंगरावांनी पूजेचा पीतांबर काढताच “सोवळ्याला हात लावाल तर याद राखा!” असा आवाज उठला. सुमनबाई अभ्र्याला गळा कापत होत्या.

बाहेर बाळ उघडंच होतं. सुखदानं त्याला गाऊनवरच्या जुन्या ओढणीत गुंडाळून छातीशी धरलं. तिथं जरीचा काठ टोचत नव्हता, पिना नव्हत्या, डांबरगोळ्यांचा वास नव्हता. बाळानं एक जांभई दिली आणि मुटकुळं करून ते झोपलं. त्याची मूठ उघडली तशी सुखदा रडता रडता खाली वाकून बघत राहिली.

“दीदी,” अवंती हळूच म्हणाली, “बस, ऐसे ही.”

आतून सगळे पिवळेधम्मक होऊन बाहेर आले तेव्हा कॅमेऱ्याचं टिकटिक चाललं होतं. त्या सकाळी पहिल्यांदाच सगळ्यांचे रंग अगदी तंतोतंत जुळले होते. दारातच विभावरीबाईंनी हात आडवा धरला.

“हलू नका कोणी. झोपलीय ती.”

सगळे दारात उभे राहिले. अर्ध्या कुर्त्यातला आल्हाद तर श्वासही जपून घेत होता. सुमनबाईंच्या हातातला नवा शिवलेला अभ्रा तसाच राहिला, कारण बाळाला उठवून तो घालायची छाती कोणाचीच नव्हती.

बारशाला तो एकच फोटो मोठा करून पाळण्यामागं लावला होता. विटका गाऊन, विस्कटलेले केस, ओले डोळे आणि सुखदाचा सबंध चेहरा. ज्या बाईनं पाहिला ती घटकाभर तिथंच थांबली.

“किती गोड आलाय हो!” शेजारच्या मेघनाताई म्हणाल्या. “पण तुम्ही बाकीचे कुठं होता?”

श्रीरंगरावांनी घसा खाकरला.

“आम्ही,” ते म्हणाले, “कपडे बदलून राहिलो होतो.”