खुर्चीचा मागचा डावा पाय

लिफ्टकाकांच्या उजव्या गुडघ्यातून पहिल्यांदा ‘कट्ट’ असा आवाज आला, तेव्हा त्यांनी मागे वळून खुर्चीकडे रागाने पाहिलं.

“काय वाजलं हो?” आतल्या खोलीतून बाईंनी विचारलं.

“खुर्ची,” काका म्हणाले. “मागचा डावा पाय. सांधा सुटलाय.”

इतकं नेमकं खोटं बोलणं साध्या माणसाचं काम नाही. काकांची सगळी नोकरी लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली होती. बंद दाराला कान लावून ते आतला कुठला नट ढिला झालाय ते सांगत, आणि दार उघडल्यावर तोच नट ढिला निघे. ते स्वतः राहत होते त्या इमारतीला लिफ्ट नव्हती, पण आवाजाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. बिचाऱ्या खुर्चीला बचावाची संधीच मिळाली नाही.

खोटं बोलायला कारण होतं, आणि ते आत पलंगावर पाय लांब करून बसलं होतं. बाईंचा डावा गुडघा बदलायचा होता. बाई म्हणजे काकांच्या पत्नी, शाळेतून निवृत्त झालेल्या कवायतीच्या शिक्षिका. इमारतीत सगळे त्यांना बाईच म्हणत, आणि म्हणताना नकळत पोट आत घेत. त्यांनी ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं होतं. एकदा लेकीच्या बाळंतपणासाठी, आणि एकदा शेजारची मांजर व्यायली म्हणून. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी जरा आवाज चढवला. “आता थांबलात तर पाय वाकडाच राहील,” ते म्हणाले. तेव्हा कुठे बाई तयार झाल्या, तेही अट घालून.

“तुम्ही धडधाकट आहात म्हणून हो म्हणतेय,” त्यांनी काकांना बजावलं होतं. “तुमचं काही दुखतंय-खुपतंय असं तुमच्या तोंडून ऐकलं, तर त्याच मिनिटाला ऑपरेशन रद्द. दोघं आडवे झाल्यावर बघायचं कुणी? मांजरीनं?”

बाईंनी आजवर दिलेला एकही शब्द मोडला नव्हता. त्यामुळे काकांचा गुडघा दुखून चालणार नव्हतं. तो दुखत होता, पण ते चालणार नव्हतं.

त्यात शिट्टीची भर. बाईंना चार पावलं टाकणं जड झालं तेव्हा त्यांनी कपाटातून शाळेची शिट्टी काढली. हाक मारण्यापेक्षा बरी. दम लागत नाही आणि गैरसमज होत नाही. एक लांब म्हणजे पाणी. दोन आखूड म्हणजे चहा. एक लांब, एक आखूड म्हणजे पंखा. तीन आखूड म्हणजे ‘काही नको, तुम्ही कुठे आहात ते बघत होते.’ तीन आखूड सगळ्यात जास्त वाजत. प्रत्येक शिट्टीला काका उठत, आणि उठले की कट्ट.

खुर्चीवर आरोप झाल्यावर अर्थातच सुताराला निरोप गेला.

घरातलं सगळं लाकूड या एकाच सुताराच्या हातचं होतं. तो लहानपणी बाईंच्या हाताखाली कवायत शिकला होता. आता त्याचे केस पिकले होते, तरी शिट्टी ऐकली की तो हातातली करवत खांद्याला लावून सावधान उभा राहायचा.

“माझ्या खुर्चीला आवाज?” दारातच त्याने छातीवर हात ठेवला. “काका, या खुर्चीवर मी माझ्या सासऱ्याला बसवलं असतं.”

“वाजते त्याला मी काय करू?”

“कुठून?”

“मागचा डावा.”

सुताराने खुर्ची उलटी केली, पायांना टिचक्या मारल्या, कान लावला, हलवली, वास घेतला. खुर्ची गप्प. “मुकाट आहे एकदम,” तो खिन्नपणे म्हणाला. पण काकांच्या कानाला आव्हान देण्याची त्याची छाती नव्हती. एवढ्यात आतून शिट्टी झाली. तो आत गेला, बाईंशी काहीतरी बोलला, आणि बाहेर येऊन मुकाट खुर्ची खांद्यावर टाकून गेला.

दोन दिवसांनी खुर्ची परत आली तेव्हा तिचे चारही पाय नवे होते.

“उंच वाटतेय,” काका म्हणाले.

“जुनं लाकूड दबलं होतं, काका. आता मूळ उंचीला आलीय.”

काका बसले. उठले. आवाज नाही! गुडघ्याला जेमतेम वाकावं लागलं होतं. खुर्चीतच दोष होता की काय, अशी शंका खुद्द आरोप करणाऱ्यालाच आली.

पण माणूस चोवीस तास खुर्चीत बसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगाच्या कडेवरून उठताना ‘कट्ट’.

“आता काय वाजलं?”

“पलंग. उशाकडचा पाय.”

पुन्हा सुतार. या खेपेला तो थेट पलंगाखाली शिरला. “काका, तुम्ही वर बसा आणि उठा. मी खालून ऐकतो.” काकांनी दोन्ही हातांवर भार देऊन, श्वास रोखून, नव्या लिफ्टसारखं अलगद स्वतःला वर नेलं. पलंगाखाली शांतता. “परत.” काका परत. “परत.” दहाव्या वेळी काकांच्या कपाळावर घाम होता आणि सुताराच्या डोळ्यांत पाणी. “ऐकू येत नाही मला,” तो खालून म्हणाला. “माझे कान गेले, काका. हे धंद्यात फार वाईट.”

काकांना त्याची खरंच दया आली. कबूल करावं, असं क्षणभर वाटलंही. पण बाई शेजारीच बसून दोघांकडे शांतपणे बघत होत्या, आणि ऑपरेशन आठच दिवसांवर आलं होतं.

“रोज नाही वाजत,” ते म्हणाले. “हवेवर आहे.”

पलंगालाही नवे पाय लागले. तोही मूळ उंचीला आला. रात्री काका झोपायला गेले तेव्हा बसण्यासाठी वाकावं न लागता नुसतं मागे कलंडता आलं, आणि त्यांना वाटलं, आयुष्यभर आपण दबलेल्या लाकडावर झोपत होतो!

मग उंबरठा वाजला. म्हणजे काका त्यावरून पाय उचलताना वाजले, पण नाव उंबरठ्याचं निघालं. सुताराने उंबरठा मुळापासून उपटून नेला. मग स्वयंपाकघरातलं खालचं कपाट वाजलं. त्यातली भांडी वरच्या फळीवर गेली. गुडघ्याला चोळलेल्या मलमाचा वास घरभर पसरला तेव्हा काका चटकन म्हणाले, “पॉलिशचा वास आहे,” आणि सुतार दिवसभर चहासुद्धा न घेता रुसून बसला. “असलं हलकं पॉलिश मी वापरत नाही, बाई. तुम्हीच सांगा यांना.”

सर्वात बिकट प्रसंग न्हाणीघरात आला. तिथे कमोडवरून उठताना एवढा मोठा आवाज झाला की बाहेर बाईंनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

“दार!” काका आतून ओरडले. “बिजागरी!”

सुताराने दार काढून नेलं. एक दिवस घराला न्हाणीघराचं दार नव्हतं. आत गेलेल्याने मोठ्याने गाणं म्हणायचं, असं ठरलं. काकांना एकच गाणं येत होतं आणि तेही अर्धं. दार परत आलं तेव्हा सुताराने कमोडशेजारच्या भिंतीत एक जाडजूड लाकडी मूठही ठोकली.

“दाराची मूठ भिंतीवर?” काकांनी विचारलं.

“दाराचं वजन विभागलं जातं त्यानं.”

तंत्रज्ञ म्हणून काकांना हे अजिबात पटलं नाही. पण मूठ धरून उठता येत होतं, आणि ज्याने स्वतः हवेवर वाजणारा पलंग शोधून काढलाय त्याने फार खोलात जाऊ नये, एवढं त्यांना कळत होतं.

दोन गोष्टी मात्र काकांच्या लक्षात यायला हव्या होत्या, त्या आल्या नाहीत. एक म्हणजे, जी वस्तू दुरुस्त होऊन येई, तिच्यावर काका बसलेले असताना शिट्टी वाजेनाशी होई. बायकोची तब्येत सुधारतेय, असा त्यांनी अर्थ काढला. दुसरी म्हणजे, ‘तुमचं काही दुखतंय का,’ हा साधा प्रश्न बाईंनी एकदाही विचारला नव्हता. ‘पोटात दुखतंय’ म्हणणाऱ्या पोरांच्या पिढ्या ज्यांनी मैदानावर पळवल्या, त्यांना थेट खोटं सांगून कुणीही सुटलेलं नव्हतं. नशीब जोरावर आहे, असं काकांना वाटत होतं.

ऑपरेशनचा गुरुवार उजाडला. बाईंना जिन्यावरून खाली न्यायला सुतार त्याच्या भावाला घेऊन हजर झाला. त्याने ती ऐतिहासिक खुर्ची मधोमध ठेवली आणि दोन्ही बाजूंच्या खाचांत लांब दांडे सरकवले. खाचा आधीपासूनच होत्या. काकांनी त्या नक्षी समजून दुर्लक्षिल्या होत्या. बाई ताठ बसल्या, गळ्यात शिट्टी, आणि प्रत्येक पायरीला ‘एक-दोन, एक-दोन’ म्हणत खाली गेल्या. वरून बघताना काकांचा ऊर भरून आला. आता आपणही हळूहळू कठड्याला धरून, कुणी बघत नसताना, उतरू.

तेवढ्यात रिकामी खुर्ची पुन्हा वर आली.

“बसा काका.”

“मी? मी कशाला? मी काय आजारी आहे?”

“बाईंनी सांगितलंय.”

“काय सांगितलंय?”

“‘खुर्ची पुन्हा वर ने, जो उभा असेल त्याला खाली आण.’”

“मी चालत येतो.”

खालून एक लांब शिट्टी झाली. सुतार आणि त्याचा भाऊ दोघेही सावधान झाले. काका बसले.

टॅक्सीत दोघंच होते; सुतार आणि त्याचा भाऊ खुर्ची घेऊन मागून टेम्पोतून येत होते. काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, “अगं, तुला कधीपासून माहीत आहे?”

“मला काहीच माहीत नाही,” बाई म्हणाल्या.

“ते उंचीचं—”

“लाकूड दबलं होतं.”

“आणि तीन आखूड शिट्ट्या?”

“तुम्हाला कुठून कुठून उठताना त्रास होतो, हे घरातल्या सामानाला विचारत होते. तुम्ही मध्ये पडू नका.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “हे बघा. तुमच्या तोंडून एक शब्द ऐकला, की मला टॅक्सी माघारी फिरवावी लागेल. शब्द दिलाय मी. तेव्हा माझं ऑपरेशन होईपर्यंत तुम्ही मला काही सांगायचं नाही. लेक संध्याकाळी येतेय, दोन महिने राहील.”

“एवढे दिवस? तुझ्यासाठी?”

“घरात जो कुणी असेल त्याच्यासाठी.”

काकांनी बाईंचा हात हातात घेतला. “आणि बिचारा सुतार? त्याला वाटतंय त्याचे कान गेले.”

“खुर्चीच्या वेळीच सांगितलंय त्याला. पलंगाखाली रडला ते त्यानं स्वतःच्या मनानं घातलं. शाळेतही नाटकात काम मागायचा.”

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर टेबलापलीकडे बसून कागद चाळत होते. “सगळं ठीक आहे, बाई. घरी सोबतीला कोण?”

“हे. आणि आमची लेक.”

डॉक्टरांनी चष्म्यावरून काकांकडे पाहिलं. “तुमची तब्येत कशी आहे?”

बाई छताकडे बघू लागल्या. काकांनी घसा साफ केला.

“उत्तम,” ते म्हणाले, आणि ते सिद्ध करण्यासाठी ताडकन उभे राहिले.

कट्ट!

आवाज भिंतींवर आपटून परत आला. ज्या माणसाचा दिवस माणसांचे गुडघे ऐकण्यात जातो, त्याच्यासमोर हे घडलं होतं. डॉक्टरांनी काकांच्या गुडघ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं.

“खुर्ची,” बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी कागद मिटले. “खुर्चीच,” ते गंभीरपणे म्हणाले. “आणि तुम्ही सांगितल्याप्रमाणे तीन महिन्यांनंतरची एक तारीख राखून ठेवलीय. कुणासाठी, ते मी विचारलेलं नाही. चला, आत जाऊ या.”

आणि टेबलाला हात टेकून डॉक्टर उठले.

कट्ट!

यावेळी काका जागचे हलले नव्हते. बाईही नाही. डॉक्टर अर्धवट उठलेल्या अवस्थेत थिजले. त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटला तो काकांच्या चांगल्या ओळखीचा होता. गेले कित्येक दिवस आरशात तोच दिसत होता.

काकांनी मान किंचित तिरकी केली, डोळे मिटले आणि क्षणभर कान दिला.

“टेबल,” ते ठामपणे म्हणाले. “पुढचा उजवा पाय.”

डॉक्टरांनी सुटकेचा श्वास सोडला. “मलाही तेच वाटलं.”

“काळजी करू नका,” बाई शिट्टी चाचपत म्हणाल्या. “आमचा सुतार खालीच थांबलाय.”