ऑनलाइन वर्गाची पंगत

"शाळा आता संपली, म्याडम. पुढचा जमाना ऑनलाइनचा हाये," असं गोवर्धनरावांनी रश्मी मॅडमना सांगितलं, तेव्हा शाळेच्या पटांगणात मांडववाले खांब रोवत होते. अमरावतीबाहेर बडनेरा रोडला गोवर्धनरावांची शाळा होती. शिक्षण मोबाइलमध्ये गेलं की इमारत रिकामी होते आणि रिकाम्या इमारतीत लग्नं लागतात, एवढं शिक्षणशास्त्र त्यांना पक्कं येत होतं.

"आन एक ध्यानात ठेवा. शनिवारी ॲपवर पूर्ण वर्गाची हजेरी दिसली नाई, तं तुमची नोकरीबी संपली."

मॅडमचा सातवीचा वर्ग ॲपवर पूर्ण असा कधी दिसलाच नव्हता. वस्तीत धड नेटवर्क नव्हतं. जिथे होतं तिथे मोबाइल घरात नसायचा. भाजी विकणाऱ्या गंगूबाईने तर साफ सांगून टाकलं होतं, "मोबाइल पोट्टीले देल्ला तं भाजीची ऑर्डर मले कोन सांगन?"

नेट हमखास चालेल अशी त्या भागात एकच जागा होती, ती म्हणजे शाळा. तिथे वायफाय होतं. मॅडमनी ग्रुपवर निरोप टाकला, 'शनिवारी ऑनलाइन वर्ग आहे. सर्वांनी शाळेत यावे.' हे वाचून कोणालाही हसू आलं नाही.

पोरं आली. मोबाइल आईबापांचे, म्हणून आईबापही आले. त्याच दिवशी शाळेत लग्न आहे हे माहीत होतं, म्हणून सगळे जरा बरे कपडे घालून आले. मॅडम व्हरांड्यात बसून मोबाइलमध्ये अपूर्णांक शिकवू लागल्या आणि वर्ग मांडवातल्या खुर्च्यांवर बसून मोबाइलमध्ये त्यांना बघू लागला. मान वर केली असती तरी मॅडम दिसल्या असत्या, पण मान वर केल्याची हजेरी ॲपवर लागत नाही.

नवरीचे वडील उत्तमराव यांची नजर या मंडळींवर पडली. खाली माना, गंभीर चेहरे, कोणी कोणाशी बोलत नाही. हे नवरदेवाकडचे असणार आणि रुसलेले असणार, हे त्यांनी ताडलं. आमच्याकडे नवरदेवाच्या माणसाला 'तुम्ही कोण' असं विचारायची हिंमत मुलीच्या बापाला होत नाही. त्यांनी गंगूबाईपुढे हात जोडले.

"काई चुकलं का आमचं? चला, जेवून घ्या."

"आमाले कोनी म्हटलंच नाई, तं कसं बसनार?" गंगूबाई खरं तेच बोलली.

उत्तमरावांना हा मानपानाचा रुसवाच वाटला. त्यांनी पहिली पंगत तिथल्या तिथे बसवली आणि स्वतः बुंदी वाढायला घेतली. पोरांनी मोबाइल पत्रावळीपुढे टेकवून उभे केले. मॅडमना स्क्रीनवर आधी द्रोण दिसले, मग वाढपी, मग बुंदीचं ताट. त्यांनी वर्ग थांबवला नाही, कारण ॲपवर पहिल्यांदाच हजेरी पूर्ण लागली होती.

नवरदेव वाजतगाजत आला तेव्हा बुंदी संपली होती. हे कळताच नवरदेवाचे मामा फाटकातूनच माघारी फिरले. त्यांना कसंबसं वळवून आणल्यावर उत्तमरावांनी गोवर्धनरावांना धरलं आणि गोवर्धनरावांनी मॅडमना.

"म्याडम, काय करून राहिल्या तुमी हे?"

"ऑनलाइन वर्ग घेऊन राहिली, सर."

"मंग पोट्टे घरी काहून नाई?"

"नेट शाळेत हाये, सर. हजेरी पूर्ण हाये, पाहून घ्या."

गोवर्धनरावांना राग गिळावा लागला आणि बुंदी स्वखर्चाने पुन्हा पाडून द्यावी लागली.

पुढच्या लग्नाआधी त्यांनी बंदोबस्त केला. नेटसाठी पोरं शाळेत येणारच होती, ती मांडवात फिरकू नयेत म्हणून त्यांना मागच्या खोलीत बसवायचं ठरलं. वायफाय लग्नाच्या थेट प्रक्षेपणाला लागणार, म्हणून मोबाइल बंद. मोबाइल नाही, म्हणून फळा आला. पंगतीच्या आत पोरं घरी गेली पाहिजेत, म्हणून घंटा आली. फाटकावर फलक लागला, 'आता आमच्याकडे ऑफलाइन सुविधा! जागा मर्यादित. जादा फी लागू.'

रश्मी मॅडमची नोकरी टिकली. हातात खडू आला याचा त्यांना फार आनंद झाला. त्या फळ्याकडे वळताच मागे पोरं कुजबुजू लागली, त्याचाही झाला.

गंगूबाईने फलक वाचला, खोलीत डोकावली आणि गोवर्धनरावांकडे गेली.

"सर, फळा, खडू, घंटा. हे तं शाळाच झाली ना?"

"शाळा जुनी झाली, बाई. हे ऑफलाइन हाये. नवीन निघालं."

"आन जेवन?"

"ते यात नाई येत."

गंगूबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मंग आमच्या पोट्टीले ऑनलाइनच राहू द्या," ती म्हणाली. "त्याच्यात बुंदी होती."