घुंगरांची काठी

आमचे शेजारी सदूकाका हरकारे संडासला जातानासुद्धा घुंगरू वाजवत जातात.

हातात डोक्याइतक्या उंचीची बांबूची काठी, तिच्या टोकाला पितळी घुंगरांचा झुबका. अंगणाच्या कोपऱ्यापर्यंत जाताना खळ्‌खळ्‌, येताना खळ्‌खळ्‌, आणि आत बसलेले असताना अधूनमधून एखादा झटका. गावात नवीन आलेली सून पहिल्या दिवशी दचकते. मग तिलाही सवय होते.

काठी आजोबांची. इंग्रजांच्या अमदानीत काकांचे आजोबा डाकेचे हरकारे होते. पाठीवर डाकेची थैली टाकून अड्याळकडून जंगलातल्या गावांपर्यंत पळायचे. वाटेतल्या वाघ-अस्वलांनी बाजूला व्हावं म्हणून काठीला घुंगरू. आजी जंगलाच्या कडेला झोपडीत पाण्याची घागर नि आंबील घेऊन बसायची. नाल्यापलीकडून घुंगरू ऐकू आले की ती ओरडायची, ‘‘आयकलं!’’ तो आवाज कानावर पडला की आजोबांचा जीव भांड्यात पडायचा.

‘‘बुढा पयाचा, बुढी आयकाची,’’ काका सांगतात. ‘‘नोकरी दोघायची, पगार एकाले. अन्‌ ध्यानात ठेव बापू, घुंगरू थांबले का मानूस गेला.’’

हे शेवटचं वाक्य काकांचा गुरुमंत्र. आजोबा वाघाला भ्यायले असतील नसतील, नातू मात्र सगळ्यालाच भितो. छताच्या पंख्याखाली बसत नाही. गॅसचं सिलिंडर घरात आलं तेव्हा काका आठवडाभर ओसरीवर झोपले. मोबाइल चार्जिंगला लावला की त्याच्याकडे पाठ करत नाहीत, ‘‘काई भरोसा नाई त्याचा.’’ एकदा भंडाऱ्याला जाताना एसटीत काठी हलली. कंडक्टरनं घंटी दिली असं समजून ड्रायव्हरनं गाडी हाणली. कंडक्टर खालीच राहिला. तो मागून धावत, शिव्या घालत आला, तर काका त्यालाच म्हणाले, ‘‘तुम्ही काहून पयून रायले? मागं काही हाय का?’’

माझा धंदा विम्याचा. लोकांच्या भीतीवर आमचं पोट चालतं. असा घाबरट माणूस भिंतीला भिंत लावून राहतो म्हटल्यावर मला वाटलं, घरबसल्या गिऱ्हाईक मिळालं. पण काकांनी कधी दाद दिली नाही. एकदा चिडून म्हणालो, ‘‘काका, इतकं भेता, मंग विमा कायले नाई काढत?’’

‘‘पैसे कोनाले भेटतीन?’’

‘‘तुमच्या मागं जो असंल त्याले.’’

काकांनी मागं वळून पाहिलं. मागं त्यांची एकट्याची चूल होती. त्यांनी काठी उचलली आणि वाजवत निघून गेले. मी मनात म्हटलं, चिकट म्हातारा!

यंदा उन्हाळ्याच्या तोंडी मात्र सगळं गावच सदूकाका झालं. मोहफुलं पडायला लागली आणि त्याच वेळी नाल्याच्या रेतीत वाघाचे पंजे उमटले. मग पलीकडच्या गावची एक गाय गेली. दिवस मावळायच्या आत दारं लागू लागली. कुत्रं भुंकलं तरी माणसं ताटावरून उठायची. मीही भीत होतो, सांगायला लाज कसली? तालुक्याला जायचं तरी मोटारसायकलचा हॉर्न दाबूनच धरायचो.

पण मोह काही वाघासाठी थांबत नाही. फुलं पहाटे पडतात आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. माझी बायको वनिता दरवर्षी बायांबरोबर जाते. फुलं वेचणारी बाई वाकलेली असते आणि वाकलेलं माणूस वाघाला जनावरासारखं दिसतं, असं सगळे सांगत होते. मी तिला बजावलं, ‘‘यंदा जायाचं नाई.’’

‘‘सगळ्या जाऊन रायल्या, मी काहून नको?’’

एका सकाळी जाग आली तर वनिता नव्हती, तिची टोपलीही नव्हती. बाहेर आलो. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग ध्यानात आलं. घुंगरू नव्हते. सूर्य वर आला होता आणि काकांच्या अंगणात चिटपाखरूही नव्हतं.

काकांची कडी वाजवली, हाका मारल्या. आतून हूं नाही की चूं नाही. घुंगरू थांबले का मानूस गेला. दार फोडावं की वनितामागं धावावं? देवाशप्पथ सांगतो, मी वनितामागं धावलो.

नाला ओलांडला. सगळीकडे वाळलेला पाला, पाय टाकला की कुरकुर आवाज. प्रत्येक झुडपामागं पिवळं काहीतरी दिसत होतं. आणि मग पुढच्या मोहाखालून आलं, खळ्‌खळ्‌.

‘‘काका!’’ मी धावलो.

काका नव्हतेच. बाया वेचत होत्या आणि वनिता एका हातानं फुलं उचलत होती, दुसऱ्या हातानं ती काठी हलवत होती.

‘‘काका कोठी हायत?’’

‘‘घरी. पहाटे दारात उभे होते. मनाले, सूनबाई, काठी घेऊन जा, थांबू नको देऊ. मी नाई मनलं त रडकुंडीलेच आले,’’ वनिता म्हणाली.

बायांना घेऊनच मी परत आलो. पुन्हा काकांची कडी वाजवली. वनितानं काठी हलवली, तेव्हा कुठं आतून अडसर सरकला. काका खाटेखालून निघाल्यासारखे दिसत होते, डोक्यावर पातेलं, हातात लाटणं.

‘‘मंघाशी आवाज काहून नाई देल्ला?’’ मी ओरडलोच.

‘‘मले वाटलं वाघ हाय.’’

‘‘वाघ कडी वाजवते का, काका?’’

‘‘आजकालचा काई नेम नाई.’’

बाया हसून हसून गेल्या. मला हसू येईना. मी विचारलं, ‘‘एवढं भेता, मंग काठी कायले देल्ली?’’

काकांनी डोक्यावरचं पातेलं काढून खाटेवर ठेवलं.

‘‘तिचे घुंगरू थांबले असते त तू पयत गेला असता,’’ ते म्हणाले. ‘‘माहे थांबले त आयकाले कोन हाय, बापू? मी त आपला रोज वाजवून पायतो.’’

ह्या माणसाला मी चिकट म्हटलं होतं. वनिता डोळे पुसत म्हणाली, ‘‘काका, तुमचे घुंगरू आयकले का मी चहा ठेवतो. इतके वर्सं झाले. घड्याळ कोन पायते?’’

काकांना हे माहीत नव्हतं. आम्ही कधी सांगितलंच नव्हतं.

वाघ अजून आहे म्हणतात. मोह संपला, आता तेंदूपत्ता सुरू झाला. पहाटे काका काठी वनिताला देतात, ती आली की परत घेतात. मग अंगणात खळ्‌खळ्‌ होतं आणि मी आतून ओरडतो, ‘‘आयकलं!’’

‘‘बोंबलते काहून? मी बहिरा हावो का?’’ काका खेकसतात.

पण परवा मला ताप होता, अंगावर घोंगडं घेऊन पडलो होतो. घुंगरू अंगणात वाजले, मग आमच्या ओसरीवर वाजले, मग थेट खिडकीशी आले. मी कसंबसं तोंड बाहेर काढून ‘‘आयकलं’’ म्हणेपर्यंत ते काही तिथून हलले नाहीत.